मूल घोरते, म्हणून गाढ झोपते असे नव्हे

लहान मूल घोरू लागले की घरात त्याचे कौतुकच होते. "बघा, दिवसभर दमले, कसे गाढ झोपले," असे कोणीतरी म्हणते आणि सगळे हसतात. आमच्याही घरी असेच चालले होते. आमचा धाकटा चौथ्या वर्षापासून घोरत असे. आमची आई सांगे, "बापावर गेला आहे. हाही लहानपणी असाच घोरायचा." आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. दोन वर्षांनी कळले की ज्याला आम्ही गाढ झोप समजत होतो ती श्वासासाठी रात्रभर चाललेली झटापट होती.

समाजबांधवांनी व विद्यार्थी मित्रांनी हा विषय समजून घ्यावा एवढ्यासाठी हे लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. येथे जे लिहिले आहे ते तज्ज्ञांना विचारून, वाचून आणि मुलाच्या उशाशी बसून शिकलेले आहे. औषधाचे प्रमाण वगैरे या लेखात सापडणार नाही. ते काम डॉक्टरांचे.

आधी हकिकत सांगतो. मुलगा पहिलीत गेला आणि शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. जागेवर बसत नाही, शेजारच्याला डिवचतो, फळ्यावरचे उतरवून घेत नाही. एकदा तर वहीवर 'मंद' असा लाल शाईचा शेरा आला. घरी तो चिडका झाला होता. जेवायला पाऊण तास लावी. घास तोंडात तसाच धरून बसे. आठवड्यातून तीन-चार वेळा गोधडी ओली होई आणि सकाळी ती दोरीवर वाळत पडली की गल्लीतली मुले त्याला चिडवीत. एकदा रागाच्या भरात आम्ही त्याला थापड मारली. पहिलीतल्या पोराला, झोपेत झालेल्या गोष्टीसाठी. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे, कारण असे करणारे आम्ही एकटेच नसू.

ज्या डॉक्टरांकडे नेहमी जाणे होई त्यांनी सर्दीचे पातळ औषध दिले व "मोठा झाला की जाईल" असे सांगितले. ते औषध पाजले की मूल लवकर झोपे, त्यामुळे आम्हीही समाधानी होतो.

त्या वर्षी मे महिन्यात आमची धाकटी बहीण चार दिवसांसाठी आली. ती चंद्रपूर जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. विदर्भातला उन्हाळा सांगायला नको. एका खोलीत, कूलरसमोर, सगळ्यांची अंथरुणे. मध्यरात्री वीज गेली, कूलरची घरघर थांबली आणि मुलाचा आवाज ऐकू येऊ लागला. थोड्या वेळाने बहिणीने आम्हाला हलवून उठवले. "दादा, उठ. ह्याची छाती हलते आहे, पण नाकातोंडातून हवाच येत नाही." तिने हाताची मागची बाजू मुलाच्या नाकाशी धरली होती. आम्हीही धरून पाहिली. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होते आणि हाताला काहीच लागत नव्हते. मग एकदम एक मोठा फुरका, अंगाला झटका, कूस बदलणे आणि पुन्हा घोरणे सुरू. ती मोबाईलच्या उजेडात मोजत होती. "वहिनी, ह्याला नुसतं घोरणं म्हणू नका," एवढेच ती आमच्या पत्नीला म्हणाली आणि दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवले. पुढे सगळ्यात जास्त कामाला आले ते हेच चित्रण.

श्वास का अडतो?

नाकापासून श्वासनळीपर्यंतचा जो घशाचा भाग आहे त्याला आधार देणारे हाड किंवा कूर्चा जवळजवळ नसते. स्नायूंनी ताणून धरलेली ती एक मऊ नळी आहे. आपण जागे असतो तोपर्यंत स्नायू ती उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात. शहाळ्यात घातलेली कागदी नळी ओली झाली आणि आपण जोराने ओढू लागलो तर ती चपटी होते व पाणी येईनासे होते, तसाच हा प्रकार आहे. नळी मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. ती अरुंद असेल तर हवा जाताना पडदे फडफडतात, तेच घोरणे. आणि फारच अरुंद असेल तर नळी मिटते. छाती ओढत राहते, हवा जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायॉक्साइड वाढतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूल अर्धवट जागे होते, श्वास घेते आणि पुन्हा झोपते. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. डॉक्टर याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. आपण झोपेतला श्वासरोध म्हणू.

मोठ्या माणसात ही नळी बहुतेक वेळा मानेवरच्या चरबीने अरुंद होते. लहान मुलात मुख्य कारण वेगळे आहे. घशाच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात हे सर्वांना माहीत आहे. पण नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वर, आणखी एक तशीच ग्रंथी असते, तिला अॅडिनॉइड म्हणतात. तोंड उघडून पाहिले तरी ती दिसत नाही. दोन ते आठ वर्षांच्या दरम्यान या ग्रंथी घशाच्या मानाने सर्वात मोठ्या असतात, म्हणून हा विकार त्याच वयात अधिक आढळतो. वारंवार सर्दी व अॅलर्जी होणाऱ्या मुलांत त्या आणखी सुजतात. लठ्ठ मुलांत दोन्ही कारणे एकत्र येतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व जन्मतः जबडा लहान असलेल्या मुलांना धोका विशेष असतो. डाऊन सिंड्रोमच्या मुलाची तर लक्षणे असोत वा नसोत, चौथ्या वर्षापर्यंत झोपेची तपासणी करून घ्यावी असे बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेचे मत आहे.

किती मुलांत हे आढळते? नेहमी घोरणारी मुले शंभरात साधारण तीन ते बारा, आणि खरा श्वासरोध असलेली एक ते पाच असे मानतात. म्हणजे घोरणारे प्रत्येक मूल आजारी नसते. सर्दी झाली असता चार दिवस घोरणे ही काळजीची गोष्ट नव्हे. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री मूल घोरत असेल तर मात्र पाहिले पाहिजे.

हे ज्ञान काही आजचे नाही. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये नाकामागच्या या ग्रंथीच्या विकाराचे वर्णन केले. १८८९ मध्ये विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनी मुले अभ्यासात मागे का पडतात याची कारणे सांगताना नाक चोंदणे व तोंडाने श्वास घेणे यांकडे बोट दाखवले. साहित्यातही याचा मासला आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, तो काम करता करता झोपतो आणि घोरतो. कॉलेजात असताना ते वाचून आम्ही खूप हसलो होतो. पुढे १९५६ मध्ये डॉक्टरांनी लठ्ठपणातल्या श्वासाच्या एका विकाराला 'पिकविकियन' हेच नाव दिले, हे आम्हाला मुलाच्या आजारपणात कळले. १९७६ मध्ये क्रिस्तियां गियेमिनो यांनी आठ मुलांच्या झोपेची शास्त्रशुद्ध तपासणी करून त्यांच्यातील श्वासरोधाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुलांतला हा स्वतंत्र विकार म्हणून वैद्यकाने त्याची दखल घेतली. इतके असूनही 'मोठा झाला की जाईल' हे उत्तर अजून ऐकायला मिळते.

रात्री काय पाहावे?

मूल झोपल्यावर एक-दोन तासांनी आणि पुन्हा पहाटे, त्याच्याजवळ पंधरा-वीस मिनिटे बसावे. पहाटेची वेळ चुकवू नये, कारण स्वप्नांची झोप त्या वेळी जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सर्वात सैल असल्याने त्रास वाढतो. पंखा, कूलर बंद करावा, नाहीतर आमच्यासारखी दोन वर्षे जातील. अंगातला सदरा वर करून छाती व पोट दिसू द्यावे. छाती आत जात असताना पोट वर येते का? गळ्याच्या खोबणीत, बरगड्यांखाली खळगा पडतो का? घोरणे मधेच थांबून शांतता आणि मग फुरका किंवा गुदमरल्यासारखा आवाज येतो का? मूल मान मागे टाकून, उशीवरून डोके खाली लोंबवून किंवा बसल्या बसल्या झोपू पाहते का? ते मान मागे टाकते, कारण त्यामुळे नळी थोडी उघडते. झोपेतही शरीर उपाय शोधत असते. अंथरुणभर लोळणे, थंडीतही डोक्याला घाम येणे, तोंड उघडे राहून उशी लाळेने भिजणे, आणि एकदा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, याही नोंदी कराव्यात.

येथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. मोठ्या माणसाचा श्वास दहा सेकंद अडला तर तो श्वासरोध धरतात. मुलांसाठी एवढे थांबत नाहीत. दोन श्वासांना लागतो तेवढा वेळ धडपड करूनही हवा गेली नाही, तर तो मोजतात. मुलाचा श्वास जलद असल्याने हा वेळ सहा-सात सेकंदांचाही असू शकतो. "फार वेळ तर थांबत नाही ना" असे म्हणून मनाची समजूत घालू नये.

दिवसाची लक्षणे अधिक फसवी आहेत. झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो. आमच्या काउंटरवर दुपारी तीननंतर हे दृश्य दुर्मीळ नाही. लहान मूल मात्र उलट वागते. ते चळवळे, हट्टी, भांडखोर होते. त्याचे लक्ष टिकत नाही. काही मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का बसतो आणि झोपेची चौकशी कोणी करीत नाही. सकाळी डोके दुखणे, उठवता न उठणे, सदा तोंड उघडे, नाकात बोलणे, घास गिळायला वेळ लावणे, वजन व उंची न वाढणे, हीही लक्षणे आहेत. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, आणि अशा मुलाची शक्ती रात्रभर श्वास ओढण्यात खर्च होते. अॅडिनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचून कमी ऐकू येते, तेव्हा हाक मारली तरी लक्ष देत नाही म्हणून मूल आणखी बोलणी खाते. फार तीव्र विकार वर्षानुवर्षे राहिला तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

आता 'मंद' या शेऱ्याबद्दल. १९९८ मध्ये डेव्हिड गोझल यांनी अमेरिकेतील पहिलीच्या वर्गातली, गुणांत सर्वात खालच्या दहा टक्क्यांत असलेली २९७ मुले तपासली. त्यांतल्या ५४ मुलांना झोपेत श्वासाचा दोष निघाला. पालकांना तसे कळवण्यात आले. २४ मुलांची शस्त्रक्रिया झाली व दुसरीत त्यांचे गुण वाढले. ज्यांच्या पालकांनी उपचार घेतला नाही त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. आपल्या समाजात मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात, शिकवणी लावतात. पण त्या मुलाच्या उशाशी अर्धा तास बसायचे कोणाला सुचत नाही. आम्हालाही सुचले नव्हते.

तपासणी व उपचार

दाखवायचे ते कान-नाक-घसा तज्ज्ञांना, आणि शक्य तर बालरोगतज्ज्ञांनाही. बरोबर मोबाईलवरचे चित्रण न्यावे. दवाखान्यात मूल जागे असते, त्यामुळे काहीच दिसत नाही. आमच्या मुलाचा घसा पाहून एका डॉक्टरांनी टॉन्सिल फार मोठे नाहीत असे सांगितले होते. दुसऱ्यांनी बहिणीने घेतलेले चित्रण पाहिले, नाकातून बारीक दुर्बीण घालून तपासले आणि अॅडिनॉइडने मागचा रस्ता जवळजवळ बंद केला आहे असे दाखवले. काही ठिकाणी मानेचा बाजूने एक्स-रे काढतात, त्यातही कल्पना येते.

पक्की तपासणी म्हणजे झोपेची रात्रभर चाललेली नोंद, पॉलिसोम्नोग्राफी. मुलाला तारा लावून मेंदूच्या लहरी, छाती-पोटाची हालचाल, नाकातली हवा व प्राणवायू हे सर्व नोंदतात. टोचाटोची नसते. तासाला एकाहून अधिक वेळा श्वास अडला तर मुलांत ते सदोष मानतात, दहाहून अधिक वेळा अडला तर तीव्र. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते व खर्चिक आहे. सर्व मुलांची ती होतेच असे नाही. लक्षणे स्पष्ट असली तर पुष्कळदा तिच्याशिवाय निर्णय घेतात. मूल दोन वर्षांहून लहान, लठ्ठ, किंवा अन्य आजार असलेले असेल तर मात्र डॉक्टर तपासणीचा आग्रह धरतात. रात्रभर बोटाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे. त्यात वारंवार उतार दिसला तर दोष आहे असे समजता येते. न दिसला तर दोष नाहीच असे मात्र म्हणता येत नाही.

सौम्य त्रास असेल तर काही आठवडे नाकात मारण्याचे स्टेरॉइडचे फवारे देतात. स्टेरॉइड शब्दाला घाबरून ते परस्पर बंद करू नयेत. मॉन्टेलुकास्ट नावाची गोळीही देतात. तिच्यामुळे काही मुलांच्या मनःस्थितीवर व झोपेवर परिणाम होतो असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला. ही गोळी चालू असताना मूल विनाकारण घाबरू लागले, स्वप्नात ओरडू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. घरातला धूर कमी करावा: बिडी-सिगारेट, चूल, डासांची कॉइल, सगळाच. गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे अशा मुलाला मनाने पाजू नयेत. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध तर बारा वर्षांखालील मुलाला मुळीच नको. त्याने श्वासच मंदावतो.

मध्यम व तीव्र विकारात, टॉन्सिल-अॅडिनॉइड मोठे असतील तर, ते काढून टाकणे हा मुख्य उपचार आहे. शस्त्रक्रिया तोंडातून होते, बाहेर टाका नाही. भूल पूर्ण द्यावी लागते. मुलाचा हलणारा दात, अलीकडची सर्दी, दमा, घरात कोणाला भुलीचा झालेला त्रास, हे भूलतज्ज्ञांना आपणहून सांगावे. टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते ही भीती सर्वत्र आहे. घशात व शरीरात तेच काम करणाऱ्या इतर ग्रंथी असतात. ऊठसूट काढू नयेत हे खरे. पण रात्री श्वास बंद पडत असेल तर त्या भीतीने थांबू नये.

शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवस घसा दुखतो. कानही दुखतो, तो कानाचा आजार नसतो. घशात पांढरट थर दिसतो व तोंडाला वास येतो. तो पू नव्हे, जखम भरून येण्याची खूण आहे. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलेलेच, वेळेवर द्यावे आणि पाणी पाजत राहावे, कारण मूल दुखते म्हणून गिळत नाही व कोरडे पडते. थंड, मऊ अन्न चालते. आईस्क्रीमला डॉक्टरांनीच परवानगी दिल्याने आमच्या चिरंजीवांनी त्या आठवड्यात मजा करून घेतली. धोका असतो तो रक्तस्रावाचा. पहिल्या चोवीस तासांत, आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली निघते तेव्हा. ताजे लाल रक्त थुंकीत आले, किंवा झोपेत मूल सारखे काहीतरी गिळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तीन वर्षांखालील व तीव्र विकार असलेल्या मुलाला पहिली रात्र रुग्णालयातच ठेवतात.

गुण किती येतो? २०१३ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना सात महिने नुसते लक्ष ठेवून वाट पाहायला लावली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी निर्दोष आली. वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. मुलांचे वागणे, झोप, एकूण सुख यांत शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट होता. लक्ष व आकलन मोजणाऱ्या चाचणीत मात्र दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. त्यावरून दोन गोष्टी आम्ही घेतल्या. त्रास सौम्य असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने थांबण्यात चूक नाही. आणि मार्क वाढावेत म्हणून शस्त्रक्रिया करू नये. मुलाला श्वास घेता यावा म्हणून करावी. आमचा मुलगा आता तिसरीत आहे. गोधडी कोरडी असते, जेवण वीस मिनिटांत होते, दीड वर्षात कपडे दोनदा मोठे घ्यावे लागले. गणितात अजूनही गोंधळ घालतो.

लठ्ठ मुलांत व इतर व्याधी असलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरही दोष उरू शकतो. त्यांच्यासाठी रात्री नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ते पुढे आणले. मुलांना त्याची सवय लावणे कठीण जाते, पण लागते.

सिकलसेल असलेल्या मुलांविषयी

विदर्भातील वाचकांनी हा भाग काळजीपूर्वक वाचावा. सिकलसेल आपल्याकडे अनुसूचित जाती, आदिवासी व इतर मागास समाजांत मोठ्या प्रमाणात आहे आणि आपल्या वस्तीत 'एसएस पॅटर्न'ची मुले नाहीत असे गाव सापडणे अवघड. या आजारात प्राणवायू उतरला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग असह्य वेदना होतात. आता विचार करावा की अशा मुलाचा प्राणवायू रोज रात्री झोपेत उतरत असेल तर काय होईल. शिवाय या मुलांत टॉन्सिल-अॅडिनॉइड वाढण्याचे प्रमाणही अधिक असते. म्हणून एसएस पॅटर्नचे मूल घोरत असेल तर थांबू नये, सिकलसेलचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते त्याच आठवड्यात सांगावे.

त्यांची शस्त्रक्रिया करता येते, पण तयारीने. आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन वाढवणे, शिरेतून पाणी देणे, अंग उबदार ठेवणे, प्राणवायूवर सतत लक्ष, हे सर्व लागते, आणि ते जेथे होऊ शकते अशाच रुग्णालयात जावे. आमच्या मुलाची शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हटले तरी चालेल. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये 'एएस', म्हणजे फक्त वाहक, निघाला. वाहकाला सहसा त्रास नसतो, भूलतज्ज्ञांना माहीत असले म्हणजे झाले, असे डॉक्टरांनी समजावले. नंतर आम्हा दोघांचीही तपासणी झाली आणि वाहक आम्ही आहोत हे या वयात कळले. लग्नाआधी तपासून घ्या असे दुसऱ्यांना सांगत होतो, स्वतः तपासले नव्हते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शासकीय आरोग्य केंद्रांत ही चाचणी मोफत होते. विद्यार्थ्यांनी तर ती करून घ्यावीच.

एक वर्षाच्या आतील बाळांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा श्वास झोपेत काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होणे पुष्कळदा स्वाभाविक असते. पण बाळ निळसर पडले, अंग ढिले पडले, दूध ओढताना गुदमरू लागले, किंवा श्वास घेताना कर्कश आवाज येऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. बाळाला पाठीवर झोपवावे व उशी देऊ नये.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय-निमशासकीय शाळेत एकदा येते. पथक आले की 'मूल रोज घोरते, श्वास अडतो' असे पालकांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे, कारण पथक दिवसा येते आणि हा आजार रात्रीचा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घशाचा विभाग असतो. आमच्या मुलाचीही शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयातच झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते त्यांना विचारता येते.

रात्री उशिरापर्यंत अभ्यासाला जागणारे विद्यार्थी हे वाचत असतील. घर शांत असते, पंखा हळू असतो, शेजारी धाकटे भावंड झोपलेले असते. त्या वेळी तुमच्याइतके कोणालाच ऐकू येत नाही. पुस्तक बाजूला ठेवून पाच मिनिटे ऐका, आणि काही वेगळे वाटले तर आईला उठवा.

आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी एकवीस रात्रींची नोंद एका वहीत ठेवली होती. झोपण्याची वेळ, घोरणे, श्वास किती वेळा अडला, अंथरूण ओले की कोरडे, सकाळची डोकेदुखी, असे रकाने आखून. हिशेबाची सवय, दुसरे काय. डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटे वाचली. ज्या पालकांना तशी नोंद ठेवायची असेल त्यांनी रविवारी सकाळी संस्थेच्या सभागृहात भेटावे. रकाने कसे आखायचे ते दाखवू.